तिसऱ्या दिवसाची डाळ

१

चोरीला काय गेलं, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, तीन दिवस. वाहेदचे. शुक्रवारी सकाळी नऊ वाजता तो घरून दुकानाकडे निघाला, आणि पोलिसांच्या कागदावर त्याला अटक झाली ती सोमवारी दुपारी दोन वाजता, बसस्टँडवर. मधल्या काळात तो कुठे होता? पोलिस म्हणतात, फरार. वाहेद म्हणतो, तुमच्याच ताब्यात. कायदा म्हणतो, धरलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत न्यायाधीशापुढे उभं करा. मंगळवारी त्याला उभं केलं तेव्हा त्याला उभंच राहता येत नव्हतं. कागदावर कारण लिहिलं होतं, पळताना पडला.

मी शेषराव. एकतीस वर्षं कोर्टात बेलीफ होतो. लोकांच्या दारी समन्स घेऊन जायचं, सही घ्यायची, दार उघडलं नाही तर दारावर कागद चिकटवून परतायचं. असला माणूस कुणाला आवडत नाही. पण आमच्या वऱ्हाडात दारी आलेल्याला पाणी दिल्याशिवाय लोक शिव्यासुद्धा देत नाहीत. त्यामुळे शेगाव-संग्रामपूरकडच्या दोनशे गावांचं पाणी मी प्यायलो आहे. निवृत्तीच्या दिवशी मला शाल मिळाली, नारळ मिळाला. मूतखडा आधीच मिळाला होता.

बुधवारी सकाळी वाहेदची वकील अश्विनी माझ्या शेगावच्या घरी आली. सोबत वाहेदची बायको गौसिया.

"काका, परवा अकरा वाजता सुनावणी आहे," अश्विनी म्हणाली. "सरकारी कामात अडथळा आणला असा गुन्हा लावून पोलिसांनी कोठडी मागितली आहे. मंगळवारी न्यायाधीश मॅडमनी त्याची हालत पाहून त्याला दवाखान्यात पाठवलं आणि निर्णय पुढे ढकलला. परवा कोठडी मिळाली तर तो पुन्हा त्याच लोकांच्या हातात जाईल. या वेळी तो परत येईल की नाही, मला सांगता येत नाही."

"मंग मी काय करू? मी काय पोलिस हाय?"

"तुम्ही या भागातलं प्रत्येक दार पाहिलं आहे. मला एकच दार हवं आहे, ज्याच्यामागे त्याला तीन दिवस ठेवलं होतं."

वाहेद पेशानं मोटर रिवायंडिंगवाला. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात अर्ज लिहायचा. कुणाला ठाण्यात नोंद न करता बसवून ठेवलं की घरचे लोक वाहेदकडे धावत. मग हा मानवी हक्क आयोगाला, कलेक्टरला, कोर्टाला अर्ज लिहायचा, ठाण्याच्या फाटकाशी जाऊन बसायचा. ज्या गुरुवारी तो शेवटचा बसला होता, त्या दिवशी सोबत होती गोजरबाई, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावची. तिच्या मुलाला, शिवमला, दोन दिवस आत ठेवलं होतं आणि डायरीत नाव नव्हतं. संध्याकाळी शिवम सुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी वाहेद गायब झाला. त्या ठाण्याचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं की लोकांना वाटतं, बाकीची ठाणी बरी आहेत.

गौसियानं एक जाड वही माझ्यापुढे ठेवली. "याच्यात सगळे हायत, बेलीफसाहेब. कोणाले कधी धरलं, कोणं पाह्यलं, सगळं. हे म्हनत, मले काही झालं तर वही शेषरावले दाखवजो."

"मलेच काऊन?"

"थे काही सांगतलं नाही."

मी वही घेतली. पहिल्या पानावर काय असणार हे मला ठाऊक होतं. मी दुसऱ्या पानापासून वाचायला सुरुवात केली.

२

दवाखान्यात वाहेदच्या खाटेशी शिपाई बसला होता. अश्विनीनं वकीलपत्र दाखवलं, मला तिचा कारकून म्हणून आत घेतलं. शिपाई दाराबाहेर जाऊन मोबाइल पाहत बसला.

वाहेदच्या तळपायांना बँडेज होतं. डाव्या डोळ्याखाली पिवळं पडत चाललेलं काळं वर्तुळ. तो हसला, आणि मला ते हसू फार जड गेलं.

"या बेलीफसाहेब. समन्स आनलं काय?"

"गप रे. काय याद हाय थे सांग."

"डोळ्याले पट्टी होती. हात मांगं बांधेल, जेवाले तेवढे सोडत. जीपमंधून तासभर फिरवलं, एकाच रस्त्यानं दोनदा नेलं असंन, म्हनून अंतराचा भरवसा नाही. आवाज काही नाही, मोटर चालायची फक्त. बोअरची, पाच हॉर्सपॉवर, बेअरिंग गेलेलं." पेशा कुठे जातो माणसाचा. "पन मी लोकायले काय सांगतो? डोळे बांधले तरी जीभ मोकळी राह्यते. म्हनून मी जेवनं ध्यानात ठेवली. लिहा."

अश्विनीनं लिहून घेतलं. मी ते इथे तसंच देतो, कारण या प्रकरणात याच्यापलीकडे काही नव्हतं.

शुक्रवारी पहिला चहा फाटलेला आला. दुपारी डाळ-भात. डाळीचे दाणे दाताखाली कचकच वाजत होते आणि मीठ एवढं की जीभ सोलली. शनिवारी चहा चांगला आला, कडक आणि गोड. डाळ मात्र तशीच, कच्ची आणि खारट. रविवारी डाळ मऊ शिजलेली आली. मीठही बरोबर. सोमवारी सकाळी त्यांनी त्याला आंघोळ घातली, अंगावरचं रक्त धुवायला, तर साबणाला फेसच येईना.

"पानी खारं होतं," वाहेद म्हणाला.

ते मलाही कळलं होतं. पूर्णा नदीच्या दोन्ही काठांना आमचा खारपाणपट्टा आहे. जमिनीतलं पाणी खारं. त्यात साबण फेसत नाही, दुधाचा चहा फाटतो आणि तुरीची डाळ दिवसभर उकळली तरी दाणा फुटत नाही. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी गेलं की पाणी गोड. म्हणजे वाहेदला ठेवलं होतं ते खाऱ्या पट्ट्यात, बोअर असलेल्या जागी. अश्विनीचा चेहरा उजळला.

माझा नाही उजळला. मी खाऱ्या पट्ट्यातच जन्मलो. आमच्याकडे घरात दोन पाणी असतात. बोअरचं खारं पाणी धुण्याभांड्याला, आणि धरणाच्या नळाचं, चार-आठ दिवसांनी येणारं गोड पाणी माठात झाकून, फक्त पिण्याला, चहाला आणि डाळीला. पाच वर्षांची मुलगीसुद्धा डाळीत बोअरचं पाणी घालत नाही.

"अश्विनी," बाहेर आल्यावर मी म्हणालो, "डाळ शिजली नाही म्हणजे पाणी खारं. पण खाऱ्या पाण्यातला माणूस खाऱ्या पाण्यात डाळ टाकत नाही. मंग हे रांधलं कोणं?"

३

ठाण्यातली मंडळी पार्ट्यांना जिथे जमतात अशा जागा आमच्या बाजूला तीनच. पायथ्याचं सरकारी विश्रामगृह, मुजम्मिलसेठचं कापसातली सरकी काढायचं बंद पडलेलं जिनिंग, आणि उत्तमरावांचा पूर्णाकाठचा मळा. बुधवारी दुपारी आम्ही अश्विनीच्या गाडीनं विश्रामगृहापासून सुरुवात केली. पाण्याच्या हिशोबानं ते बाद होतं, कारण तिथल्या हापशाचं पाणी साखरेसारखं. पण तिथला खानसामा शालिग्राम बोलका माणूस, त्या मंडळींच्या येण्याजाण्याची त्याला खबर असते.

शालिग्राम मागच्या ओट्यावर उकिडवा बसून जर्मनचा मोठा गंज, म्हणजे भातडाळीचं अॅल्युमिनियमचं पातेलं, चिंचेनं घासत होता. मला पाहून त्यानं गंज उपडा घातला आणि हात पुसले.

"बेलीफसाहेब! आता कायचं समन्स?"

"आता कायचं समन्स राजा, आता मले माहे पोट्टे बी इचारत नाही. चहा पाज."

त्यानं चहा केला. गाळताना थोडा सांडला. मी म्हटलं, वय झालं याचंही. पंचवीस वर्षं रोजंदारीवर काढलेला माणूस, कायम होण्याची वाट पाहता पाहता केस पिकले. त्याच्या हातचं जेवण अख्ख्या तालुक्यात नावाजलेलं. मोठ्या लोकांकडे काही असलं की त्याला बोलावणं जाई, आणि तो आपली भांडी पोत्यात बांधून निघे. दुसऱ्याच्या भांड्यात माझा हात बसत नाही, म्हणे.

"शुक्रवार ते सोमवार कोणी आलं होतं का इथे?" अश्विनीनं विचारलं.

"नाही बाई. रजिस्टर पाहा. चार दिवस कोरे हायत. मी एकटाच होतो."

"वाहेदले धरलं, माहीत हाय?" मी विचारलं.

"ऐकलं." तो चुलीकडे वळला. "आमच्याच गावची हाय ना गोजरबाई. चांगला मानूस हाय वाहेदभाई. कशी हाय तब्येत? जेवतात ना?"

"जेवतो."

"जेवले पायजे," शालिग्राम म्हणाला आणि उगाचच चूल फुंकत राहिला.

आम्ही निघालो. गाडीत बसल्यावर मला काहीतरी खुपत होतं, चपलेत खडा गेल्यासारखं. काय ते कळेना.

४

गुरुवारी सकाळी मुजम्मिलसेठ. कापसाचा व्यापारी, सत्तरीचा, बोलताना सतत दाराकडे पाहणारा. जिनिंगचं फाटक त्यानं स्वतः उघडून दाखवलं. आत गंजलेली यंत्रं आणि कबुतरं.

"पाहून घ्या बेलीफसाहेब, कोपरा कोपरा पाहून घ्या. दोन वर्ष झाले पार्टीले बी कोणी येत नाही. वाहेद माह्या बिरादरीचा हाय म्हनून पोलिस मलेच इचारते, आन तुम्ही बी मलेच इचारता. मी कोठी जाऊ?"

मला लाज वाटली. मी नळाकडे गेलो, ओंजळभर पाणी प्यायलो. गोड. जिनिंगला धरणाची लाइन आहे आणि बोअर तिथे कधी खणलीच नाही, खारं पाणी यंत्रं खातं म्हणून. जिनिंग बाद. उरला मळा.

उत्तमराव झोपाळ्यावर बसले होते. साठ एकर ओलीत, दोन मुलं पुण्याला, गळ्यात रुद्राक्ष. मी त्यांच्या दाराला तीनदा समन्स चिकटवलं आहे, तरी त्यांनी माझ्यासाठी खुर्ची मागवली.

"मळा? मळा तं पंधरा दिवसांपासून बंद हाय शेषराव. मी लोणारले लग्नात होतो. रांधनारी विमलबाई लेकीच्या बाळंतपनाले गेलती, कालच आली. रखवालदार बी सुट्टीवर. रिकाम्या मळ्यात कोन राहीन?"

"चावी कोनाजवळ होती?"

झोपाळा थांबला. "चावी माह्याजवळ."

"लोणारले घेऊन गेलते?"

"वकीलबाई," ते अश्विनीकडे वळून म्हणाले, "बेलीफाले सांगा, रिटायर झाल्यावर घरी बसाव मानसानं."

पण मळ्यावर जाऊन विमलबाईला भेटायला त्यांनी मनाई केली नाही. बाईमाणूस काय सांगणार, असं त्यांना वाटलं असेल. असल्या लोकांचं हे एक बरं असतं.

विमलबाई विहिरीपाशी कपडे धूत होती. बोअरची मोटर चालू होती आणि तिच्या बेअरिंगचा घर्र घर्र आवाज बांधापर्यंत येत होता. अश्विनीनं माझा हात दाबला. पण अशी मोटर दर चौथ्या शेतात असते, मी नाही म्हणून मान हलवली.

"बाई, तुमच्या मांगं कोणी राह्यलं होतं काय मळ्यात?"

तिनं इकडे तिकडे पाहिलं. "मालक म्हनते, कोनी नाही. मी काऊन म्हनू, होतं म्हनून?" मग आवाज खाली आणून, पण रागानं, "पन माही चूल कोणं तरी पेटवली. मांगच्या खोलीची फरशी कधी धुत नाही आम्ही, थे धुतेल हाय. निळे जार पडेल हायत चार, पान्याचे. आन उकिरड्यावर डाळ फेकेल होती. अशी कच्ची की कोंबड्या बी टोचत नव्हत्या. कोन रांडेचा आला होता रांधाले, बोअरच्या पान्यात डाळ टाकली त्यानं! आमच्या गावात असं कोनी करीन काय?"

"नाही करणार," मी म्हणालो. "आन मीठ?"

"मिठाचं काय इचारता? आमी भाजीत अर्ध मीठ टाकतो. पान्यातच राह्यते अर्ध. परगावचा आला की टाकते आपल्या हातानं, आन मंग खा समुद्र."

बस. चपलेतला खडा कोणता ते तेव्हा कळलं. चिंच.

गोड पाण्याच्या गावात जर्मनचा गंज राखेनं घासतात. चिंच लागते ती पांढरा खर, म्हणजे क्षारांचा थर, काढायला. खर चढतो तो खारं पाणी उकळल्यावर. सातपुड्याच्या पायथ्याशी, जिथे हापशाचं पाणी साखरेसारखं, तिथे बसून शालिग्राम गंजाच्या आतली पांढरी कड चिंचेनं घासत होता.

५

दुपारी तीनच्या सुमाराला आम्ही पुन्हा विश्रामगृहावर पोहोचलो. गंज अजून तिथेच होता. मी तो सुलटा केला. आत बोटभर रुंदीची पांढरी कड, निम्मी निघालेली.

शालिग्राम दारात उभा होता.

"मीच सांगतो," मी म्हणालो. "तुले बोलावणं आलं. गंज पोत्यात घालून तू मळ्यावर गेला. तू गोड्या पाण्याचा माणूस. पहिल्या दिवशी चहा ठेवला, फाटला. साहेब लोक ओरडले असतील. मंग त्यांनी पाण्याचे जार आणले. जारचं पाणी त्यांच्यासाठी, चहाले आन प्याले. कैद्याची डाळ बोअरच्या पाण्यातच. ती शिजेना हे तुले कळलं, काऊन शिजत नाही हेही कळलं. मिठाचंही कळलं. बरोबर?"

"गंज जुना हाय," तो पुटपुटला.

"एकच मले समजत नाही. रविवारी डाळ शिजली. म्हणजे जारचं पाणी तिच्यात गेलं. साहेब लोकांनी तर सांगितलं नसंन की कैद्याले जारचं पाणी वापर. मंग कोणं वापरलं?"

शालिग्राम ओट्यावर बसला. नखानं गंजाची कड खरवडू लागला.

"मले काही माहीत नव्हतं, साहेब. म्हने, तीन दिवस जेवन कर, इचारू नको. मांगच्या खोलीत कोनी हाय एवढंच समजे. रात्री आवाज... शनिवारी ताट परत आलं. भात खाल्लेला. डाळीचे कच्चे दाने वेगळे काढून ताटाच्या कडीले लावेल होते. एका रांगेत. टाकले नव्हते, फेकले नव्हते. रातभर मार खाल्लेला मानूस असा एकएक दाना लावते, म्हंजे काय... मी पंचवीस वर्षं रांधतो साहेब. माह्या हातची डाळ अशी कधी परत आली नाही. मले रडू आलं. मंग जारचं पानी घेतलं. चोरून. मीठ चाखून पाह्यलं. तेवढंच केलं मी. दुसरं काय करनार होतो?"

अश्विनी हळूच म्हणाली, "शालिग्रामभाऊ, हे उद्या कोर्टात सांगाल?"

तो झटक्यात उठला. "नाही बाई. माही रोजंदारी हाय. उद्या फोन करून हटवतीन. घरी पोट्टी हाय लग्नाची. आन मलेच आत टाकलं तं? माह्यासाठी अर्ज कोन लिहीन? अर्ज लिहिनाराच आत हाय." मग तो माझ्याकडे वळला. रागानं नाही, खरंच विचारत होता. "तुम्ही एकतीस वर्षं त्या ठान्यात जात होते, बेलीफसाहेब. तुम्हाले काही दिसलं नसंन काय? तुम्ही कधी बोलले?"

हा प्रश्न मी सोळा वर्षं चुकवत होतो.

मी गाडीतून वही आणली आणि पहिलं पान उघडून मोठ्यानं वाचलं. उकंडा, गोजरबाईचा नवरा. ठाण्याच्या मागच्या खोलीत दोन दिवस, डायरीत नोंद नाही. पाहणारा, शेषराव बेलीफ. सही. आणि सहीपुढे रिकामी जागा.

"जमादाराच्या नावाचं समन्स होतं," मी म्हणालो. "त्यानं मले बसवलं, पाणी दिलं. मांगचं दार अर्धं उघडं होतं. उकंडा खिडकीच्या गजाले बांधेल होता. मले पाहून तो म्हणाला, पानी. ग्लास माह्या हातात होता, शालिग्राम. भरलेला. मी तो पेलो आन समन्सवर सही घेऊन निघून आलो. सुटल्यावर उकंडानं वाहेदले माहं नाव सांगतलं, आन त्यानंतर वर्षभर जगला. वाहेद माह्याकडे सहीले आला होता, तर मी म्हटलं, मी सरकारी माणूस हाय, मले यात ओढू नको. तो गप गेला. जागा मात्र रिकामी ठेवली त्यानं. तू कमीत कमी डाळ तरी शिजवली."

शालिग्राम गंज उचलून आत गेला आणि दार लावून घेतलं. एकतीस वर्षांत अनेक दारं माझ्या तोंडावर बंद झाली, पण त्या दिवशी माझ्याजवळ चिकटवायला कागद नव्हता.

६

शुक्रवारी अकरा वाजता कोर्ट भरलं. वाहेदला खुर्चीवर आणलं होतं. बाहेर बाकावर गौसिया आणि गोजरबाई एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या. शालिग्राम कुठे दिसत नव्हता.

अश्विनीनं आधी माझं प्रतिज्ञापत्र ठेवलं. तिला ते ठेवायचं नव्हतं, काका, याचा या प्रकरणाशी थेट संबंध नाही, म्हणाली. पण मी हट्ट धरला. नोंद न करता माणसं ठेवायची त्या ठाण्याची जुनी सवय आहे, एवढं तरी त्यातून दिसेल.

सरकारी वकील हसले. "सोळा वर्षांनी आठवण झाली?"

न्यायाधीशबाई कोकणातल्या होत्या, नव्यानं बदलून आलेल्या. त्यांनी मला विचारलं, "इतकी वर्षं गप्प का होता?"

ज्या कोर्टाची मी आयुष्यभर चाकरी केली, त्याच्या पिंजऱ्यात मी पहिल्यांदाच उभा होतो. "भ्यालो होतो, मॅडम," मी म्हणालो.

मग अश्विनीनं जेवणांची यादी वाचली. फाटलेला चहा, कच्ची डाळ, साबण. खारं पाणी, पूर्णाकाठ.

मॅडमनी चष्मा काढला. "पाण्यामुळे डाळ शिजत नाही? असं असतं?"

आणि मग जे झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. लघुलेखकानं हो म्हणून मान हलवली. पट्टेवाल्यानं हलवली. मागे बसलेल्या पक्षकारांनी हलवली. आणि वाहेदच्या खुर्चीशी उभा असलेला ठाण्याचा शिपाई, तोही आमच्याच खाऱ्या पट्ट्यातला, सवयीनं बोलून गेला, "नाही शिजत मॅडम. बोअरच्या पान्यात कधीच नाही." मग त्याच्या लक्षात आलं आणि तो खाली पाहू लागला.

"पण हे आरोपीचंच म्हणणं आहे," सरकारी वकील म्हणाले. "स्वतंत्र साक्षीदार कुठे आहे?"

दाराशी गलबला झाला. पट्टेवाला कुणाला तरी अडवत होता. "पोतं बाहेर ठेव बे," तो म्हणत होता, आणि समोरचा माणूस म्हणत होता, "पोत्यातच तं हाय माहं म्हननं."

शालिग्राम आत आला. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी. त्यानं पोत्यातून गंज काढला आणि टेबलावर ठेवला. उरलेली पांढरी कड त्यानं घासली नव्हती.

ताटातल्या दाण्यांचं सोडून त्यानं सगळं सांगितलं. कुणाचा फोन आला, मळ्याचं कुलूप कुणी उघडलं, मागच्या खोलीत ताट कोण नेत होतं. नावं घेताना तो थांबला नाही. मॅडम लिहीत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "खोलीतला माणूस तुम्ही पाहिला होता?"

"नाही. ताट पाह्यलं होतं."

"मग तो हाच, हे कशावरून?"

शालिग्राम वाहेदकडे पाहू लागला. कोर्टात वाहेदनं या माणसाला पहिल्यांदाच पाहिलं होतं. खुर्चीवरून थोडं पुढे वाकून तो म्हणाला, "दाने कोठी लावले होते मी, भाऊ?"

"ताटाच्या कडीले. एका रांगेत."

वाहेदनं डोळे मिटले. "रविवारी मीठ बरोबर होतं," तो म्हणाला. "त्या दिवशी मले वाटलं, बाहेर कोनीतरी मानूस हाय."

कोठडीचा अर्ज फेटाळला गेला. जामीन झाला. मळ्याचा पंचनामा करण्याचा आणि ठाण्याबाहेरच्या अधिकाऱ्याकडून चौकशीचा आदेश निघाला. चौकशीचं काय होतं ते मला माहीत आहे, ती चालत राहते. उत्तमरावांनी अटकपूर्व जामीन घेतला. शालिग्रामची रोजंदारी सोमवारी गेली आणि त्याच्यासाठीचा पहिला अर्ज वाहेदनं खाटेवर बसून लिहिला. म्हणजे सगळं ठीक झालं असं मी म्हणणार नाही.

पण त्या शुक्रवारी कोर्टाबाहेर बाकावर मी गोजरबाईशेजारी बसलो आणि वहीचं पहिलं पान उघडलं. तिला वाचता येत नाही. तरी त्या पानावर काय आहे, हे तिला ठाऊक होतं. मी सही केली. खाली तारीख टाकली ती त्या दिवसाचीच, मागची नाही.

तिनं वही हातात घेतली, सहीवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता ही शिव्या देईल, आणि त्या मला घ्यायच्याच होत्या. ती उठली, पदराखालची बाटली काढली, झाकण उघडलं आणि माझ्यापुढे धरली.

"पानी घ्या, बेलीफसाहेब," ती म्हणाली. "आमच्या गावचं हाय. गोड हाय."

मला ती बाटली धरवेना. अश्विनीनं ती माझ्या हातात धरून दिली, आणि मी प्यायलो.